पडदे काढायचे की ठेवायचे? एका बेस गिटारचं प्रकरण

मे महिना संपत आला होता, वळवाचा एक पाऊस पडून गेला होता, आणि एक मुलगा पाठीवर बेस गिटार घेऊन माझ्याकडे आला. बॅगेची चेन उघडायच्या आधीच म्हणाला, “दादा, याचे फ्रेट काढून द्याल का?”

मी पुण्यात गिटारी दुरुस्त करतो, सेटअप करून देतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बेस शिकवतो. फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या लांब मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या, सतारीला असतात तसे पडदे. ते काढून मागणारे अधूनमधून येतात. त्यांनी नुकताच कुठेतरी जाको पास्टोरियस, बिनफ्रेटच्या बेससाठी गाजलेला अमेरिकन वादक, ऐकलेला असतो आणि येत्या रविवारी घरची पक्कड घेऊन बसायची तयारी झालेली असते. जाकोने १९६२चा फेंडर जॅझ बेस घेतला, फ्रेट उपटले, खाचा बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला, ही कथा बेसवाल्यांमध्ये भीमसेन जोशी घरातून पळून गेले त्या कथेइतक्याच भक्तिभावाने सांगतात. त्याच्याकडे फ्रेट असलेलाही एक जॅझ बेस होता आणि तोही तो वाजवायचा, एवढा भाग मात्र सांगणारे गाळतात. अशा मंडळींना मी चहा पाजतो आणि “महिन्याने ये” म्हणतो. महिन्याने सहसा कुणी येत नाही.

या मुलाची अडचण मात्र ऐकीव नव्हती.

वय सव्वीस, नोकरी हिंजवडीत. चार तारांचा फ्रेटवाला बेस पाच वर्षं वाजवतोय, हात तयार आहे. आधीचा रॉक बँड लग्नं आणि बदल्या यांत विरघळला. आता तो अभंग, नाट्यपदं आणि थोडी भावगीतं करणाऱ्या एका ग्रुपमध्ये होता. गायला एक ताई, शास्त्रीय शिकलेल्या, पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. पेटीवर एक काका, तबला-पखवाज एकाकडेच, ड्रम्स, एक अकूस्टिक गिटार आणि हा. तालमीत भूप रागातला एक अभंग चालू असताना ताई थांबल्या आणि म्हणाल्या, “तुझा गंधार टोचतो रे.” याने सूर मोजणारा ट्यूनर लावून बघितला, गंधार, म्हणजे ‘ग’, बरोबर. पुढच्या तालमीला पुन्हा तेच. मग त्याने चार रात्री जागून वाचलं, ऐकलं आणि निष्कर्ष काढला: फ्रेट म्हणजे पाश्चात्त्यांचे बारा समान तुकडे, आपल्याकडे श्रुती (सुरांमधले बारीक फरक) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं), म्हणून आपल्या संगीताला फ्रेटलेसच, बिनफ्रेटचाच बेस हवा.

त्यातलं अर्धं खरं आहे. मला भीती त्या अर्ध्याचीच वाटत होती, कारण फ्रेट एकदा निघाले की पुन्हा बसवायला काढण्याच्या तिप्पट काम पडतं.

फ्रेट मुळात आले कशाला

हे थोडक्यात. उभा डबल बेस वाहून न्यायचा म्हणजे कपाट हलवण्यासारखं, जोरकस बँडमध्ये तो ऐकू येत नाही, आणि त्यावर प्रत्येक सूर बोटाने शोधावा लागतो. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आडवा धरायचा, विजेवर चालणारा, फ्रेटचा बेस बाजारात आणला आणि त्याचं नावच ‘प्रिसिजन’ ठेवलं. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी सूर जागेवर, हीच त्याची जाहिरात. पुढे १९६६ मध्ये अँपेगने फ्रेटलेस बेस काढला, आणि १९७० मध्ये खुद्द फेंडरने प्रिसिजनचाच फ्रेटलेस अवतार आणला. अचूकपणाची सोय काढून घेतली आणि नाव तेच ठेवलं, याचं मला अजून हसू येतं. आपल्याकडे चेन्नईच्या कीथ पीटर्स यांचा फ्रेटलेस लोकांनी ए. आर. रहमानच्या गाण्यांतून ऐकलेला असतो, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसतं एवढंच.

टोचणारा गंधार

ताईंना टोचत होतं ते खोटं नव्हतं. आणि ट्यूनरही खोटं बोलत नव्हता.

सुरांमधलं अंतर मोजायला सेंट हे माप आहे. एका सप्तकाचे १२०० सेंट, पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांत १०० सेंट. म्हणजे पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न गाता जो गंधार ऐकू येतो, तो मात्र ३८६ सेंटवर असतो. तंबोऱ्यावर शिकलेला गळा तिथेच जाऊन बसतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर काहीच वाटत नाही. पण ताईंच्या काळी चारच्या षड्जाची कंपनसंख्या २०७.६ हर्ट्झ धरली, तर त्यांचा गंधार २५९.६ ला येतो आणि फ्रेटचा २६१.६ ला. दोन्ही एकदम लांबवले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. बेस दोन सप्तकं खाली असला तरी त्याच्या तारेतून वरचे अंशस्वर, मूळ सुरासोबत उमटणारे बारीक सूर, निघतातच, आणि भांडण तिथे होतं. टोचणं म्हणजे हे दोन हेलकावे.

आता हाच फरक तारेवर बघू. नेहमीच्या बेसची तार नटपासून (नेकच्या डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खालची घोडी) ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. मोकळी तार षड्ज धरली तर तंबोऱ्याचा गंधार तारेच्या बरोबर एक पंचमांशावर, नटपासून १७२.७ मिलिमीटरवर येतो. चौथा फ्रेट असतो १७८.२ वर. साडेपाच मिलिमीटरचा फरक. मी पट्टी लावून त्याला त्याच्याच बेसवर पेन्सिलीने खूण करून दाखवली. फ्रेटच्या अलीकडे, मोकळ्या लाकडावर, जिथे दाबून काहीही उपयोग नाही अशा जागी ती खूण पडली.

“मग फ्रेटलेसच की!” तो म्हणाला.

मी माझा जुना फ्रेटलेस भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला. त्याला फ्रेटच्या जागी लाकडाच्या फिकट रेषा आहेत. मोबाईलवर तंबोरा लावला, काळी चार. म्हटलं, वाजव भूप, सावकाश.

पुढे जे झालं ते शिकवताना मी आजही सांगतो. त्याने षड्ज लावला, जरा उतरलेला. पंचम लावला, तोही उतरलेला, चांगलाच. आणि मग गंधारावर गेला तर तो असा काही तंबोऱ्यात मिसळला की आम्ही दोघंही क्षणभर गप्प. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की झालं, खटला जिंकला.

मी त्याला बोटाकडे बघायला सांगितलं. फ्रेटवाला बेस वाजवताना बोट फ्रेटच्या थोडं मागे दाबायचं असतं, सूर फ्रेट देतो. फ्रेटलेसवर बोटाचा मध्य नेमका रेषेवर हवा, कारण तिथे बोट हाच फ्रेट. पाच वर्षांच्या सवयीने त्याचं बोट प्रत्येक सुराला रेषेच्या पाच-सहा मिलिमीटर मागे पडत होतं. त्यामुळे सगळे सूर सरसकट तेरा ते सोळा सेंट उतरत होते, आणि गंधाराला नेमकं तेवढंच उतरायचं होतं! बंद पडलेलं घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तसा तो गंधार.

तो हसला, पण चेहरा उतरला. त्या संध्याकाळी फ्रेट काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आधी खुंट्या

त्याचा बेस परत द्यायच्या आधी मी त्याच्या चारही तारा अर्धा सूर उतरवल्या. हे मला खरं तर पहिल्या पाच मिनिटांत सुचायला हवं होतं.

नेहमीच्या मिळवणीत बेसच्या तारा ई, ए, डी, जी. काळी चारचा षड्ज यातल्या एकाही मोकळ्या तारेवर नाही. म्हणजे ज्या सुरावर अख्खा कार्यक्रम उभा आहे, त्याच सुरासाठी सतत बोट दाबून ठेवायचं. गिटारवाला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून मोकळा होतो, बेसवाला अडकतो. सगळ्या तारा अर्धा सूर खाली आणल्या की ए तार काळी चार होते, म्हणजे षड्ज. त्याच्या खालची जाड तार खर्जाचा पंचम होते. वरची मध्यम. षड्ज, पंचम, मध्यम तिन्ही मोकळे. तंबोरा मिळवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, पण गिटारच्या शाळेत शिकलेल्याला ई-ए-डी-जी म्हणजे ब्रह्मवाक्य वाटतं.

ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. तारा थोड्या सैलावतात, फ्रेटवर खरखर वाढते, म्हणून ट्रस रॉडला, नेकच्या आतल्या सळईला, हलकासा हात लावून नेक पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तेवढं करून दिलं. शिवाय माझा फ्रेटलेस तीन आठवड्यांसाठी त्याला दिला आणि एकच काम सांगितलं: रोज सकाळी वीस मिनिटं, तंबोऱ्यासोबत, षड्ज-पंचम-षड्ज. बाकी काही नाही. गाणारे खर्जाचा रियाज करतात, तसा बोटाचा खर्ज.

तिसऱ्या दिवशी त्याचा संदेश आला की कंटाळा येतोय. दहाव्या दिवशी आला की पंचम लागला की अंगठ्याला कळतं, नेकच्या मागच्या बाजूने थरथर वेगळी होते. मी उत्तर दिलं नाही. अशा वेळी शिक्षकाने मध्ये पडू नये असं माझं मत आहे.

त्या आवाजाबद्दल थोडं

फ्रेटलेसच्या प्रेमात पडणारे सहसा सुरांच्या हिशेबाने पडत नाहीत, आवाजाने पडतात. तार छेडली की सूर लगेच पूर्ण उमलत नाही. थोडा आत राहून मग ‘म्वाऽऽ’ असा उघडतो, माणसाच्या तोंडासारखा. हे कशाने होतं ते आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे जवारी आहे.

तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावरून सुटताना त्या उताराला पुसटशी घासत राहते, आणि म्हणून एका तारेतून सुरांचं झुंबर लटकतं. मिरजेचे कारागीर त्या उतारावर कानस फिरवताना कागदाच्या जाडीइतकं लाकूड कमी-जास्त करतात, वर दोरा सरकवून जागा पक्की करतात. फ्रेटलेसवर तेच काम बोट आणि फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची लाकडी पट्टी, मिळून करतात. तार बोटाखालून निघते ती अगदी कमी कोनात, आणि पुढचं लाकूड तिला हलकेच लागत राहतं. फ्रेट असला की तार उंच धातूच्या कड्यावरून एकदम सुटते, घासायला काही उरत नाही. म्हणून फ्रेटचा आवाज सुरुवातीलाच ठाम आणि मोकळा.

जवारीसारखीच इथेही मेहनत उंचीची आहे. नेक फार सरळ केला की तार बोंबलते, फार वाकवला की आवाज मुका होतो. आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की जुळवलेलं सगळं हलतं. मी माझ्या फ्रेटलेसला जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हात लावतोच.

तारांचाही प्रश्न असतो. नेहमीच्या, वरून गोल वेटोळ्यांच्या तारा साध्या शिसवी फिंगरबोर्डला कानशीसारख्या खातात. जाकोचा इपॉक्सी त्यासाठीच होता. सपाट वेटोळ्यांच्या तारा लाकडाला सांभाळतात पण आवाज मऊ करून टाकतात. नायलॉनचा काळा पट्टा गुंडाळलेल्या तारा मला मधला रस्ता वाटतात, विशेषतः पखवाजासोबत.

तालीम

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या तालमीला गेलो. कर्वेनगरात एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली, कोपऱ्यात घडी घातलेल्या सतरंज्या, खिडकीला अंड्यांचे ट्रे ठोकलेले. दोन्ही बेस होते. तोच भूपातला अभंग आळीपाळीने वाजवायचा आणि ताईंनी डोळे मिटून ऐकायचं, असं ठरलं.

आधी त्याचा फ्रेटवाला, आता अर्धा सूर उतरवलेला. ताई म्हणाल्या, “षड्ज आता मोठा वाटतोय. गंधार अजून टोचतो.”

मग फ्रेटलेस. मुलाने खरंच रियाज केला होता. गंधारावर आला तो रेषेच्या बरोबर साडेपाच मिलिमीटर अलीकडे. ताईंच्या कपाळावरची आठी गेली. आणि नेमकी तेव्हाच काकांनी पेटी थांबवली.

“अरे बाबा, तू ताईंशी जुळवतोयस की माझ्याशी भांडतोयस?”

मी गेलो होतो ते हेच ऐकायला. काका उजव्या हाताने गंधार धरून बसले होते आणि पेटीचा गंधार ४०० सेंटवर. गिटारवाल्याच्या कॅपोमागचा गंधारही तिथेच. आतापर्यंत ताई एकट्या वेगळ्या होत्या, बेसने त्यांची बाजू घेतली आणि भांडण दोन विरुद्ध दोन झालं. खालचा सूर हलला की सगळ्या इमारतीला जाणवतं, म्हणून काकांना ते आधी कळलं.

हे भांडण जुनं आहे. पेटीला मींड येत नाही आणि तिचे सूर आपले नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. त्या काळातही घरोघरी, देवळात, नाटकात पेटीच वाजत होती आणि तिच्यासोबत उत्तम गळे गातच होते. गाणारा पेटीच्या गंधाराला फार वेळ टेकत नाही, तिला बाजूला ठेवून जातो. काकाही ताईंचा गंधार लांबला की आपला आवाज कमी करत होते. वीस वर्षांच्या साथीने हाताला लागलेली सवय. बेसला ती सवय नव्हती. तो प्रत्येक आवर्तनात गंधारावर भक्कम पाय रोवून उभा राहत होता, कारण रॉकमध्ये तसं शिकलेला.

मी म्हटलं, “फ्रेटवाला घे पुन्हा. आणि गंधार वाजवूच नकोस.”

“म्हणजे?”

“षड्ज आणि पंचम. रिषभ जाता-येता. धैवतावरही थांबू नकोस, तो पण सोळा सेंटने चढा आहे. गंधार ताईंचा, तू त्याच्याखाली षड्ज धर.”

त्याने तसं केलं. अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत झाला. ताईंनी डोळे उघडले आणि कोणता बेस होता ते विचारलं. फ्रेटचा होता म्हटल्यावर दोनदा खात्री करून घेतली.

ज्या अडचणीसाठी हा मुलगा फ्रेट उपटायला निघाला होता, ती अडचण फ्रेटची नव्हतीच. बेसच्या ओळीची होती. ते ठरवताना एकच बघायचं: आपल्या शेजारी सूर कोण धरून बसलंय. पेटी, कीबोर्ड, गिटार असतील तर बेसने त्यांच्याशी सलोखा ठेवावा, आणि जिथे त्यांचं आणि गळ्याचं पटत नाही त्या सुरावर मुक्काम करू नये. श्रुतीचा न्याय करायला तळमजला ही जागा नाही.

पण मग फ्रेटलेस कुठे?

यादीत अकरा रचना होत्या. नऊ जागी पेटी आणि गिटार दोन्ही. उरल्या दोन: सुरुवातीचा भूपातला आलाप, नुसता तंबोऱ्यावर, आणि शेवटच्या भैरवीचा पहिला भाग, तिथे काकांना थांबायला सांगितलं होतं.

त्या आलापात ताई पंचमावरून गंधारावर उतरतात, सावकाश, भूपात उतरतात तशा. मुलाने ते खाली फ्रेटच्या बेसवर घसरून करून बघितलं: टक, टक, टक, मध्ये भूपात नसलेले दोन सूर पायऱ्यांसारखे वाजले. सतारीलाही पडदे असतात, पण सतारिया तार बाजूला ओढून मींड काढतो. बेसची जाड तार अडीच मिलिमीटरहून जाड, ती ओढून ओढून किती ओढणार? पाव सूर चढेपर्यंत मनगट बोलायला लागतं. शिवाय ओढून सूर चढतो. उतरती मींड हवी तर आधी ओढून ठेवून मग सोडावी लागते.

फ्रेटलेसवर तोच उतार त्याने घेतला. पंचमावरून बोट न उचलता खाली आला, मध्ये कुठे थांबला नाही, आणि गंधाराच्या रेषेच्या जरा अलीकडे येऊन श्वास घेतल्यासारखा टेकला. पखवाजवाल्याने मान हलवली. त्या खोलीत पेटी गप्प होती, गिटार गप्प होती, चुकीचं ठरवायला तंबोऱ्याशिवाय कुणी नव्हतं. फ्रेटलेसची जागा ही.

दोन रचनांसाठी चांगल्या वाद्याचे फ्रेट काढायचे नाहीत, हे मग वादाशिवाय ठरलं. त्याच्या घरी माळ्यावर कॉलेजातला पहिला, स्वस्तातला बेस पडून होता. तो आणायला सांगितला.

शस्त्रक्रिया

वीस फ्रेट. गरम सोल्डरिंग आयर्न प्रत्येक फ्रेटवर अर्धा मिनिट फिरवायची, म्हणजे आतला जुना गोंद सैल होतो आणि लाकूड ठिसूळ राहत नाही. मग तोंड घासून सपाट केलेल्या पकडीने कडेपासून थोडं थोडं उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की फ्रेटच्या पोटाचे दाते शिसवीचे ढलपे घेऊन येतात. पहिले सहा सुंदर निघाले. सातव्याला मी बोलण्याच्या नादात घाई केली आणि तांदळाएवढा ढलपा उडाला. तो शोधून परत चिकटवला. जवळून बघितलं तर आजही दिसतो.

खाचा अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या रुंद असतात. त्या रिकाम्या ठेवल्या तर तारांच्या ताणाखाली मिटायला बघतात आणि नेकची चाल बदलते, म्हणून प्रत्येकीत फिकट लाकडाची पट्टी बसवली, पातळ गोंद सोडला, वाळल्यावर रंध्याने आणि मग वाटोळ्या ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून सपाट केलं. फ्रेट गेले म्हणजे तारांखालची साधारण मिलिमीटरभर उंची गेली, तेव्हा नटच्या खाचाही खोल कराव्या लागतात. त्या मी एक कानसभर जास्त खोल केल्या. मोकळा षड्ज लाकडावर बडबडायला लागला. नवीन नट बनवला. ही माझी चूक, त्याचे पैसे घेतले नाहीत.

एक सापळा आहे, तो फ्रेट काढून घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फ्रेटच्या बेसवर नेकच्या कडेचे ठिपके दोन फ्रेटच्या मध्ये असतात. फ्रेट काढले तरी ठिपके तिथेच राहतात, पण सूर ठिपक्यावर नसतो, पुढच्या रेषेवर असतो. अंधाऱ्या मंचावर वरून तिरकं बघणारा वादक ठिपक्यावर बोट ठेवतो आणि अर्ध्या सुराच्याही अर्ध्याने खाली जातो. आम्ही जुने ठिपके काळ्या शाईने बुजवले आणि रेषांच्या टोकांना नवे पांढरे दिले. सातव्या जागेवर एक मिलिमीटर म्हणजे तीन सेंट, बाराव्यावर चार. वर जाल तसं क्षमा कमी.

मंचावर

पहिला कार्यक्रम गणपतीत झाला, एका सोसायटीच्या मांडवात. आलापाला त्याचा बेस त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. मांडवाच्या मागे जनरेटर, समोर मुलं, आणि मंचावरचा एकुलता मॉनिटर, कलाकारांना ऐकवणारा स्पीकर, ताईंकडे तोंड करून. फ्रेटवाल्या बेसला हे चालतं, हात जागेवर पडला की झालं. फ्रेटलेसला कान हवा. पहिली दोन मिनिटं तो नेककडे बघत वाजवत होता आणि उतरत होता. मला मागच्या खुर्चीवरून कळत होतं. मग त्याने मींडीचा नाद सोडला, मोकळा षड्ज छेडून तो धरून बसला, आणि उरलेला आलाप त्या एका सुरावर काढला. मला त्याचं त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वादन तेच वाटलं.

नंतर त्याने कानात घालायचा मॉनिटर घेतला, त्यात फक्त तंबोरा आणि स्वतःचा बेस. तेव्हापासून आलाप लागतो. भैरवी दर वेळी लागतेच असं नाही. तिथे कोमल सुरांच्या जागा ताई रोज थोड्या वेगळ्या घेतात आणि हा मागून जातो.

डिसेंबरात तो फ्रेटवाल्याच्या तारा बदलायला आला. तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर खड्डे पडायला लागले होते, म्हणजे रोज वाजतोय. नवीन यादी दाखवली. फ्रेटलेसच्या समोर आता तीन नावं होती. तिसरं नाव त्याच भूपातल्या अभंगाचं बघून मी विचारलं, पेटीचं काय?

म्हणाला, अंतऱ्याच्या एका ओळीला काका आपणहून उजवा हात उचलतात. डावा भात्यावर तसाच हलत राहतो, सवयीने.